सल्लागार मंडळाचे सदस्य-सचिव झालात? बडोद्यातल्या नवख्यांसाठी

विद्यापीठाच्या नोकरीत तीन-चार वर्षे झाली, की एखाद्या दुपारी शिपाई ऑफिस ऑर्डर आणून देतो: विभागाच्या सल्लागार मंडळाचे सदस्य-सचिव म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे. अभिनंदन करायला कोणी येत नाही. आधीचे सदस्य-सचिव एक फाइल सोपवतात. तिच्यात जुने इतिवृत्त, नाश्त्याचे बिल आणि नावांची यादी असते. यादीतले काही जण गाव सोडून गेलेले, एखादे गृहस्थ देवाघरी. त्यानंतर विभागप्रमुख विचारतात, ‘मग मीटिंग कधी लावताय?’

हा लेख त्या प्रश्नापाशी उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. सल्लागार मंडळ म्हणजे विभागाला सल्ला द्यायला बोलावलेले बाहेरचे जाणकार: उद्योगातले लोक, माजी विद्यार्थी. तुम्ही सयाजीराव विद्यापीठात असा, वाघोडियाच्या बाजूच्या एखाद्या खासगी विद्यापीठात असा किंवा नुसत्या संलग्न कॉलेजात, काम जवळपास सारखेच आहे.

बाहेरच्या जाणकाराला विचारायची बडोद्याला जुनी सवय आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले तेव्हा त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनतज्ज्ञ हाताशी घेतला. वाचनालयांचे जाळे विणायचे ठरवले तेव्हा १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. पण ही माणसे पगारी होती आणि सल्ला मानायचा की नाही ते महाराज स्वतः ठरवत. तुमच्या मंडळावरच्यांना पगार नाही, आणि त्यांनी सांगितलेले तडीला नेणारा महाराजही नाही. शनिवारची दुपार मोडून ही मंडळी येतात ती एका आशेवर, की आपण बोललो त्याचे पुढे काहीतरी होईल. ते झाले की नाही, हे त्यांना वेळेवर कळवणे हाच तुमच्या कामाचा गाभा. बाकी सगळे, म्हणजे तारीख, चहा, खुर्च्या, इतिवृत्त, त्या एका गोष्टीसाठी.

पहिली पायरी: मंडळाचे अधिकार कागदावर उतरवा

सल्लागार मंडळाला कसलाही अधिकार नसतो. हे वाक्य कडू आहे, पण पहिल्याच दिवशी सर्वांना कळलेले बरे. अभ्यासक्रम बदलते ते बोर्ड ऑफ स्टडीज. तिथून विषय फॅकल्टीकडे आणि ॲकॅडेमिक कौन्सिलकडे जातो. गुजरातेतल्या सरकारी विद्यापीठांत २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेट-सिंडिकेट गेले आणि बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आले. पैसा, पदे, इमारती हे सगळे तिकडे. सल्लागार मंडळ या साखळीच्या बाहेर उभे असते आणि म्हणूनच ते मोकळेपणी बोलू शकते.

हे एका पानावर लिहून काढा: मंडळ कशासाठी, सदस्य किती, कार्यकाळ किती, वर्षात बैठका किती, अध्यक्ष कोण, आणि सूचना पुढे कुठे जाते. डीनची सही घ्या. हे पान नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत कोणीतरी प्राध्यापकांच्या नेमणुकीवर ‘ठराव’ मांडतो आणि तुम्ही मधल्या मध्ये अडकता.

एक गोंधळ नेहमी होतो. आयक्यूएसी, म्हणजे नॅक या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीचा गुणवत्ता कक्ष, वेगळा. त्याचे नियम ठरलेले आहेत: तिमाहीत निदान एक बैठक, दोन तृतीयांश गणपूर्ती, नामनिर्देशित सदस्यांना दोन वर्षांचा कार्यकाळ, आणि विषयपत्रिका, इतिवृत्त व कार्यपूर्ती अहवाल सहीनिशी जपून ठेवणे. तुमच्या मंडळावर हे बंधन नाही. त्यातली शेवटची सवय मात्र उचला. नॅकची टीम आली की ही फाइल मागितली जातेच.

दुसरी पायरी: माणसे

नऊ ते अकरा पुरे. पंधरांच्या वर गेले की बैठकीची सभा होते आणि भाषणे सुरू होतात.

बडोद्यात नावे सुचवायला कोणी कमी पडत नाही. रिफायनरी, खतांची जीएसएफसी, औषधांची अलेम्बिक, मकरपुऱ्याचे छोटे कारखानदार, हालोल-सावलीचे नवे प्लांट, बँका, वास्तुविशारद, चित्रकार. अडचण असते ती सगळी नावे एकाच वयाची आणि एकाच पदाची निघतात ही. निवृत्त जनरल मॅनेजर जरूर घ्या, पण एकच. त्यांच्या शेजारी असा माणूस हवा, जो आज प्रत्यक्ष मुलांच्या मुलाखती घेतो. आणि पाच-सहा वर्षांपूर्वी तुमच्याच विभागातून बाहेर पडलेली एखादी मुलगी, जिला कोणता पेपर नोकरीत उपयोगी पडला आणि कोणता नाही हे अजून आठवते. ती पहिल्या बैठकीत गप्प बसेल, आपल्याच सरांसमोर बोलायचे म्हणून. दुसऱ्या बैठकीत तिला आधी विचारा.

मंडळावर कोण नको हेही सांगतो. विद्यापीठाला माल विकणारा पुरवठादार नको. ज्यांचा मुलगा-सून त्याच विभागात जागेसाठी अर्ज करणार आहे, ते त्या वर्षापुरते नकोत. आणि ज्यांना फक्त लेटरहेडवर छापायला एक पद हवे आहे, तेही नकोत. सिनेटच्या निवडणुका रंगत तेव्हा अशी हौस तिकडे भागत असे. आता ती मंडळी इतर मंडळांकडे वळतात, आणि ‘नाही’ म्हणायचे काम विभागप्रमुख तुमच्यावर ढकलतात. त्यांना पाहुणे व्याख्याते म्हणून बोलवा. बहुतेकांचे त्यात समाधान होते.

तिसरी पायरी: पहिला फोन, मग पत्र

पत्र आधी पाठवू नका. फोन करा, आणि न आवडणाऱ्या गोष्टी आधी सांगा. साधारण असे: ‘साहेब, वर्षातून दोन बैठका, प्रत्येकी दीड तास. त्याशिवाय वर्षभरात एक-दोनदा फोनवर काही विचारू. मानधन नाही. बाहेरगावाहून आलात तर नियमाप्रमाणे प्रवासखर्च मिळतो, पण तो हातात पडायला वेळ लागतो. मुदत दोन वर्षांची.’ ज्याला नाही म्हणायचे आहे तो इथेच नाही म्हणतो. हे बरेच झाले म्हणायचे, कारण पत्र स्वीकारून कधीच न येणारा सदस्य गणपूर्ती बुडवतो.

नियुक्तिपत्रात कार्यकाळाची शेवटची तारीख छापाच. ‘पुढील आदेशापर्यंत’ असे कधीही लिहू नका. त्या दोन शब्दांपायी काकांना, दादांना, जुन्या सरांना ‘आता पुरे’ म्हणायची वेळ येते, आणि आपल्या गावात ते कोणालाही जमत नाही. तारीख छापलेली असली की मुदत संपली, सन्मानपत्र दिले, मोकळे झालो. निम्मे सदस्य एका वर्षी आणि निम्मे पुढच्या वर्षी बदलतील अशी रचना ठेवा, म्हणजे मागचे आठवणारे कोणीतरी कायम असते.

पत्राबरोबर दोन पाने जोडा: ते अधिकारांचे पान, आणि विभागाची माहिती. विद्यार्थी किती, शिक्षक किती, रिकाम्या जागा किती, मागच्या वर्षी कोण कुठे लागले. रिकाम्या जागा लपवू नका. बाहेरच्यांना ते कळतेच.

चौथी पायरी: तारीख

इथे बडोद्याचे पंचांग समोर घेऊन बसायचे. नव्या सदस्य-सचिवाची परीक्षा खरे तर इथेच होते.

नवरात्राच्या नऊ रात्री हे शहर झोपत नाही. त्या दिवसांत सकाळची बैठक लावणारा माणूस बाहेरगावचा समजावा. धनत्रयोदशी ते लाभपंचम बाजार आणि कारखाने बंद, आणि लोक गावी किंवा फिरायला गेलेले. १४ आणि १५ जानेवारी, उत्तरायण आणि वासी उत्तरायण, सगळे गच्चीवर. गणपतीत दांडिया बाजार-रावपुऱ्यातले आपले मराठी सदस्य येतो म्हणतील, पण मन आरतीकडे. पर्युषणात जैन सदस्यांना त्रास देऊ नका. मार्चमध्ये तुमच्या परीक्षा आणि त्यांचे वर्षअखेर एकदमच येते. मे महिन्यात अर्धा विभाग सुट्टीवर. ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचा भरवसा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्धे शहर पाण्यात होते हे सगळ्यांच्या लक्षात आहे.

राहते काय? जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा, प्रवेश आटोपत आलेले असतात तेव्हा. आणि २० डिसेंबर ते १० जानेवारी. हा दुसरा काळ सोन्याचा आहे. अमेरिका-इंग्लंडातले माजी विद्यार्थी नाताळच्या सुट्टीत घरी आलेले असतात. त्यात कमुरता लागलेला असतो, म्हणजे आपला धनुर्मास, त्यामुळे लग्ने नसतात. कमुरता उठला की पुन्हा एकेका संध्याकाळी तीन-तीन रिसेप्शने, मग तुमचा अध्यक्षसुद्धा हाती लागत नाही.

वर्षाच्या दोन्ही तारखा जूनमध्येच कळवा. नंतर एक महिना आधी पत्र, एक आठवडा आधी विषयपत्रिका, आदल्या दिवशी फोन. आदल्या दिवशीचा फोन शिपायाकडून किंवा क्लार्ककडून नको, तुमचाच हवा.

वेळ ठरवताना दोन गोष्टी बघा. हालोलहून येणाऱ्याला चाळीसेक किलोमीटर आहे आणि त्याची शिफ्ट सकाळी असते. अमदावादचा माणूस एक्स्प्रेस-वेने येतो आणि त्याला संध्याकाळी परतायचे असते. शनिवारी दुपारी तीन ही बहुतेकांना चालणारी वेळ. कोणी परदेशातून ऑनलाइन येणार असेल तर घड्याळ नीट मांडा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात. म्हणजे न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. जुलैत आपल्या शनिवारी सकाळी साडेनऊला कॅलिफोर्नियात शुक्रवारी रात्रीचे नऊ वाजलेले असतात. निमंत्रणात दोन्हीकडची वेळ आणि दोन्हीकडचा वार लिहा. वार न लिहिल्याने माणूस चुकीच्या दिवशी स्क्रीनसमोर येऊन बसतो.

पाचवी पायरी: विषयपत्रिका

बहुतेक विषयपत्रिका अशा असतात: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, विभागप्रमुखांचा अहवाल, अभ्यासक्रमाबाबत चर्चा, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय. अशा कागदावर दीड तास आरामात वाया जातो. विभागप्रमुख चाळीस स्लाइड दाखवतात, सदस्य ‘फार छान’ म्हणतात, नंतर एक जण आजकालच्या मुलांना इंग्रजी येत नाही हे सांगतो आणि चहा येतो.

‘चर्चा’ हा शब्द काढून टाका आणि त्या जागी प्रश्न लिहा. असा प्रश्न, की ज्याचे उत्तर तुमच्याकडे नाही आणि या माणसांकडे असण्याची शक्यता आहे. ‘इंटर्नशिपबाबत चर्चा’ याऐवजी: ‘तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस कारखान्यात पाठवले तर तुम्हाला सोयीचे, की उन्हाळ्यात सलग आठ आठवडे? एक दिवसाच्या मुलाला तुम्ही नेमके काय काम द्याल?’ याचे उत्तर प्रोफेसरांच्या केबिनमध्ये नाही. ते मकरपुऱ्यात आहे.

दीड तासाला असे दोनच प्रश्न. दोनच. तिसरा घ्यायचा मोह होतो, आणि मग तिन्ही अर्धवट राहतात. माझी वाटणी अशी: पहिली पंधरा मिनिटे मागच्या सूचनांचे काय झाले त्याला, अर्धा-अर्धा तास दोन प्रश्नांना, उरलेली पंधरा मिनिटे इतर विषयांना आणि पुढच्या तारखेला. विभागप्रमुखांचा अहवाल आठवडाभर आधी दोन पानांत पाठवा आणि तो बैठकीत वाचू नका. विभागप्रमुखांना हे पटवणे अवघड जाते. ‘सर, सदस्यांना आपल्याशी बोलायला जास्त वेळ मिळेल,’ असे म्हटले की पटते.

खरेदी, नेमणुका, कोणा शिक्षकाची तक्रार, हे विषय पत्रिकेवर येऊ देऊ नका. कोणी ‘इतर विषयां’त आणले तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे सांगावे की हे या मंडळाचे काम नाही. हे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

अध्यक्ष बाहेरचे असावेत, की डीन? शक्य असेल तर बाहेरचे. डीन खुर्चीवर असले की कनिष्ठ प्राध्यापक तोंड उघडत नाहीत आणि सदस्यही डीनकडे बघून बोलतात.

सहावी पायरी: बैठकीचा दिवस

टेबल गोल किंवा चौकोनी मांडा. स्टेज, हार, दीपप्रज्वलन काही नको. पुष्पगुच्छांनी वीस मिनिटे जातात. नावाच्या पाट्या ठेवा आणि ओळखीचे लोक एकत्र बसणार नाहीत असे बघा. कारखान्यातल्या दोघांना शेजारी बसवले की ते आपापसात बोलतात.

भाषेचे एक जपा. बैठक गुजराती, हिंदी, इंग्रजी अशी खिचडी भाषेत चालते आणि ते ठीकच आहे. पण तुम्ही मराठी, विभागप्रमुख मराठी, दोन सदस्य मराठी असा योग जुळला की बोलणे नकळत मराठीत घसरते, आणि समोरचे पटेलभाई हसतमुखाने मोबाइल बघू लागतात. चहाच्या वेळी घरचे बोला. टेबलावर सर्वांना कळेल तेच. लेखी काम तुमच्या विद्यापीठात ज्या भाषेत चालते त्याच भाषेत.

नाश्त्याची कुचेष्टा करू नका, तो बैठकीचाच भाग आहे. पात्रा, खमण, लीलो चेवडो, भाकरवडी काहीही ठेवा, पण एक ताटली जैन आणि एक फराळी, म्हणजे उपवासाची, हवीच. श्रावणात आणि एकादशीला फराळीच आधी संपते. चोविहार पाळणारे सदस्य सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणून नाश्ता शेवटी न ठेवता मध्ये ठेवा.

ऑनलाइन सदस्य असेल तर एक माणूस फक्त त्याच्यासाठी नेमा: आवाज येतो का, त्याने हात वर केला का. प्रत्येक प्रश्नावर पहिली संधी ऑनलाइनवाल्याला द्या, नाहीतर खोलीतल्या लोकांचे बोलणे संपेपर्यंत तो निघून गेलेला असतो.

आणि तो एक सदस्य, जो थांबतच नाही. प्रत्येक मंडळावर एक असतो. बहुधा अनुभवी, बहुधा प्रेमळ. त्याला बैठकीत तोडू नका. दोन दिवस आधी त्याच्याकडे जा, त्याचे सगळे ऐकून घ्या आणि विचारा, ‘यातला कोणता मुद्दा बैठकीत मांडायचा?’ तो स्वतःच एक निवडतो. हे बहुतेक वेळा चालते.

सातवी पायरी: इतिवृत्त

अठ्ठेचाळीस तासांच्या आत कच्चा मसुदा अध्यक्षांकडे, आठवडाभरात सर्वांकडे. उशीर झाला की प्रत्येक जण आपल्याला हवे तसे आठवतो.

कोण काय म्हणाले याची कहाणी लिहायची नाही. काय सुचवले गेले, ते कोण बघणार, आणि कधीपर्यंत, एवढे तीन रकाने. ‘बघणार’ या रकान्यात ‘विभाग’ असे लिहू नका. माणसाचे नाव लिहा. मतभेद झाला असेल आणि सदस्याने नोंद मागितली असेल तर ती एका ओळीत करा. एखाद्या सदस्याचा हितसंबंध निघाला, समजा त्याच्याच कंपनीत मुले पाठवायचा विषय, तर त्याने तसे सांगितले आणि त्या मुद्द्यावर तो बोलला नाही हेही लिहा.

सरकारी विद्यापीठ २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली येते. तुमचे इतिवृत्त कोणीही मागू शकतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. हे डोक्यात ठेवून लिहिले की वाक्ये आपोआप सरळ होतात. भिऊन पोकळ लिहायची मात्र गरज नाही.

आठवी पायरी: सूचनांची नोंदवही

सगळे सोडून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

एक साधी एक्सेल शीट. प्रत्येक सूचनेला क्रमांक, बैठकीची तारीख, सुचवणाऱ्याचे नाव, आणि स्थिती. स्थिती चारच: केले, काम चालू, पुढे पाठवले, शक्य नाही. ‘विचाराधीन’ हा शब्द या शीटमध्ये नको, कारण त्याच्या आड काहीही दडवता येते.

उदाहरणार्थ, रासायनिक अभियांत्रिकीच्या मंडळात कोणी सुचवले की मुलांना पाइपिंगची ड्रॉइंग वाचता येत नाहीत, त्यावर स्वतंत्र पेपर ठेवा. नोंद अशी व्हावी: ‘स्वतंत्र पेपरला श्रेयांक उरत नाहीत. बोर्ड ऑफ स्टडीजकडे प्रात्यक्षिकात चार सत्रे घालण्याचा प्रस्ताव दिला, तो मंजूर. जूनपासून लागू. सत्रांसाठी खरी ड्रॉइंग मिळतील का, हे सदस्यांना विचारले आहे.’ सुचवणाऱ्याला सगळे मिळाले नाही. पण त्याचे म्हणणे कुठवर गेले, कुठे अडले आणि आता चेंडू त्याच्याकडे कसा आला, हे त्याला दिसते. असा माणूस ड्रॉइंग घेऊन स्वतः येतो.

‘शक्य नाही’ हे लिहायला नवे सदस्य-सचिव घाबरतात. मोठ्या माणसाला नाही कसे म्हणायचे? कारणासकट म्हणायचे. ‘आपण सुचवलेली संध्याकाळची प्रयोगशाळा या वर्षी शक्य नाही, कारण प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी आहे. जागा भरली की विषय पुन्हा घेऊ.’ कारखाना चालवणाऱ्याला माणूस नसणे म्हणजे काय हे तुमच्याआधी कळते. त्याला राग येतो तो काहीच उत्तर न आल्याचा. दोन बैठकांत तोच मुद्दा पुन्हा मांडावा लागला की तिसऱ्या बैठकीला तो ‘जरा बाहेरगावी’ असतो.

ही शीट दर तीन महिन्यांनी सर्वांना पाठवा. पाच ओळींचे पत्र, सोबत शीट. तुमच्या शिक्षकांनाही पाठवा, कारण ज्याच्या नावापुढे ‘काम चालू’ तीनदा छापून येते तो चौथ्यांदा येऊ देत नाही. आणि शीटवर हलवण्यासारखे काहीच नसेल तर पुढची बैठक घेण्यात अर्थ नाही. आधी ते हलवा.

मधले दिवस

बैठकीव्यतिरिक्त सदस्यांना लहान, संपणारी कामे द्या. दहा मुलांचे बायोडेटे वाचून खुणा करणे, प्लांट दाखवणे, एका प्रकल्पाचे परीक्षण. ‘विभागाला मार्गदर्शन करा’ असे मोघम सांगितले की काही घडत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप केलात तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करा. नाहीतर पहिल्या आठवड्यात सुप्रभात, दुसऱ्यात राजकारण, तिसऱ्यात दोन ज्येष्ठ सदस्य एकमेकांशी बोलत नाहीत. सदस्यांचे नंबर विचारल्याशिवाय विद्यार्थ्यांना देऊ नका. बेसतु वरसाला, म्हणजे गुजराती नववर्षाला, ‘साल मुबारक’चा फोन मात्र चुकवू नका, तिथे मेसेज चालत नाही.

कोणी पैसे देऊ केले तर

होतेच हे. बैठकीच्या भरात एखादे सदस्य म्हणतात, ‘या लॅबचे मी बघतो.’ टाळ्या वाजतात. तुम्ही आभार माना आणि इतिवृत्तात ‘देणगी देण्याची इच्छा व्यक्त केली’ एवढेच लिहा. ‘स्वीकारली’ नाही. स्वीकारणे हे विद्यापीठाचे काम आहे, त्याला रीत आहे. सोमवारी वित्त अधिकाऱ्यांकडे जा. रोख रकमेला हात लावू नका.

परदेशस्थ दात्याच्या बाबतीत पासपोर्ट कोणता हे महत्त्वाचे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेला पैसा विदेशी अंशदान धरला जात नाही. त्याच माणसाने अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, तो विदेशी स्रोत ठरतो आणि २०१० चा एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदानाचा कायदा, आडवा येतो. तुमच्या संस्थेला तो कसा लागू होतो हे वित्त विभागच सांगेल. उत्तर येईपर्यंत दात्याला खाते क्रमांक पाठवू नका, त्यांनी कितीही घाई केली तरी.

आणि देणगी दिली म्हणून त्या सदस्याची मुदत आपोआप वाढत नाही. हे त्यांना आधी सांगितलेले बरे.

चार्ज सोपवताना

तुमचीही ऑर्डर एक दिवस बदलेल. पुढच्याला या गोष्टी द्या: अधिकारांचे सहीचे पान, सदस्यांची यादी मुदतीच्या तारखांसकट, सगळी इतिवृत्ते, सूचनांची शीट आजपर्यंत भरलेली, पुढच्या दोन बैठकांच्या तारखा, आणि अर्धे पान हाताने लिहिलेले: कोणाला सकाळी फोन चालत नाही, कोणाचा गुडघा दुखतो म्हणून तळमजल्यावरची खोली लागते, कोण जैन, कोणाला स्टेशनवरून आणायला गाडी पाठवावी लागते. हे अर्धे पान ऑफिसच्या फाइलमध्ये लावू नका. पुढच्याच्या हातात द्या आणि त्याला घेऊन अध्यक्षांना एकदा भेटून या.